अर्ली म्युझिकचे पदव्युत्तर शिक्षण : तानपुऱ्यावर तयार झालेला कान आणि युरोपातील शाळा

जवारी

नेदरलँड्समधील हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीत हार्पसिकॉर्ड या पियानोआधीच्या, पट्ट्यांच्या वाद्याचे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून मी गेल्या वर्षी मिरजेला परतले. तेव्हापासून पुणे, मुंबई आणि गोवा येथील काही विद्यार्थ्यांनी निरोप पाठवून विचारले आहे की या विषयासाठी कुठे जावे, तयारी काय करावी आणि आपल्याकडच्या मुलांचा तिथे निभाव लागतो का. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर लिहिताना काही ना काही राहून जाते, म्हणून जे स्वतः पाहिले आणि शिकले ते इथे एकत्र मांडत आहे. इतरांनी आपापल्या अनुभवाची भर घालावी.

अर्ली म्युझिक म्हणजे मध्ययुगापासून साधारण १७५० पर्यंतचे युरोपीय संगीत, असे ढोबळमानाने सांगितले जाते. ते चुकीचे नाही, पण शिक्षणाच्या दृष्टीने कालखंडापेक्षा पद्धत महत्त्वाची आहे. रचना ज्या काळी लिहिली गेली त्या काळच्या बनावटीचे वाद्य, सूर लावण्याची तेव्हाची रीत, तेव्हाच्या वादकांनी लिहून ठेवलेले ग्रंथ आणि मूळ हस्तलिखित किंवा पहिली छापील प्रत यांच्या आधारे वाजवायला शिकणे, हा या अभ्यासक्रमाचा गाभा आहे. त्यामुळेच मोत्सार्ट आणि शूबर्ट यांच्या काळचा फोर्टेपियानो (पियानोचे जुने रूप) हाही आता बहुतेक ठिकाणी याच विभागात शिकवला जातो.

या विषयासाठी वेगळी शाळा काढण्याचे मोठे काम १९३३ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाले. पाउल झाखर यांनी तिथे स्कोला कांतोरुम बाझिलिएन्सिस ही संस्था स्थापन केली आणि ती आजही या क्षेत्रातील सर्वांत मानाच्या संस्थांपैकी एक आहे. महायुद्धानंतर व्हिएन्नात निकोलाउस हार्नोनकूर यांनी १९५३ मध्ये कॉन्सेंटस म्युझिकस हा वादकसमूह उभा केला, ॲमस्टरडॅममध्ये गुस्ताव लेओनहार्ट हार्पसिकॉर्ड शिकवू लागले, आणि या दोघांनी मिळून १९७१ ते १९९० या काळात जर्मन संगीतकार बाखच्या चर्च-कंटाटांचे, म्हणजे चर्चमधील उपासनेसाठी रचलेल्या गायन-वादनाच्या रचनांचे, ध्वनिमुद्रण पूर्ण केले. हेगमध्ये फ्रान्स ब्र्यूखन आणि कायकन बंधू शिकवत असत. एखाद्या घराण्याची तालीम घ्यायची तर मूळ गादी कुठे होती हे आपण आधी पाहतो. नेदरलँड्सची दोन शहरे या विषयात इतकी महत्त्वाची का आहेत, याचे उत्तर या नावांमध्ये आहे.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येते. आपल्याकडचा विद्यार्थी तिथे जाताना आपल्याला काहीच येत नाही या दडपणाखाली असतो. मीही होते. प्रत्यक्षात त्याच्याकडे एक मोठी गोष्ट तयार असते आणि दुसरी एक मोठी गोष्ट अजिबात नसते. तयार असतो तो कान, आणि नसते ते वाचन.

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. मी लहान असताना शेजारच्या कारखान्यात भोपळे टांगलेले असत आणि घोडीवर कानस फिरवून जवारी काढण्याचा आवाज दुपारभर येत असे. माझ्या गाण्याच्या बाईंनी पहिले सहा महिने मला फक्त तानपुरा छेडायला लावला. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून कोणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. बाई म्हणत, "आधी तो ऐक, मग तुझा गंधार त्यात विरघळव." पुढे मी पियानो शिकले, लंडनच्या ट्रिनिटी संस्थेच्या ग्रेड परीक्षा दिल्या, आणि पियानोवरचा गंधार मला नेहमी थोडा चढा वाटत राहिला. शिक्षकांना मी हे एकदाच सांगितले. पियानो नुकताच लावून घेतला आहे, असे उत्तर मिळाल्यावर मी पुन्हा विषय काढला नाही.

हेगमधल्या दुसऱ्या आठवड्यात मला कळले की मी चुकत नव्हते. सप्तकाचे बाराशे सूक्ष्म भाग केले तर त्यातल्या एका भागाला सेंट म्हणतात. स्वयंभू गंधार षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो आणि पियानोचा गंधार ४०० सेंटांवर, म्हणजे तो १४ सेंट चढाच असतो. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपीय वाद्यांवर मीनटोन नावाची रीत प्रचलित होती, आणि तिच्या सर्वांत प्रसिद्ध प्रकारात हा शुद्ध गंधार जपण्यासाठी पंचम किंचित उतरवतात. सकाळी आठ वाजता, खोली अजून थंड असताना, शिक्षिकेने किल्ली माझ्या हातात दिली आणि सी व ई (म्हणजे षड्ज आणि गंधार) या दोन पट्ट्यांमधला डोल थांबेपर्यंत खुंटी फिरवायला सांगितले. डोल म्हणजे दोन बेसूर तारांमधून येणारी ती वाँ-वाँ अशी लहर. ती मंद होत गेली, लांबली आणि एका क्षणी थांबली. मग सी, जी, डी, ए, ई या साखळीतला प्रत्येक पंचम सारखाच, म्हणजे साडेपाच सेंटांच्या आसपास उतरवायचा, आणि उरलेले बरेचसे स्वर शुद्ध गंधाराच्या मापाने लावत जायचे. माझ्या वर्गमित्रांना तो थांबलेला गंधार सुरुवातीला निर्जीव वाटत होता आणि तो नेमका कुठे थांबतो हे पकडायला त्यांना काही आठवडे लागले. मला तो खोलीत शिरताच ओळखू आला. या रीतीची किंमतही मोजावी लागते. जी शार्प आणि ई फ्लॅट ही जोडी इतकी कर्कश होते की तिला जुने लोक लांडगा म्हणत, आणि संगीतकार तिच्या वाटेला जाणे टाळत.

पट्टीचेही तसेच आहे. बरोक, म्हणजे साधारण १६०० ते १७५० च्या काळातील संगीतासाठी आज बहुधा ए हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांऐवजी ४१५ वर लावतात. पेटीच्या भाषेत सांगायचे तर बोट पांढरी सहावर असते आणि कानाला काळी चार ऐकू येते. ज्यांना स्वरांची नावे नेमक्या कंपनसंख्येला चिकटवून पाठ झालेली असतात, ते यामुळे गोंधळतात. षड्ज कुठेही धरायची सवय असलेल्या आपल्या मुलांना त्याचे काहीच वाटत नाही.

हे सारे वाचून कोणी निश्चिंत होऊ नये, कारण दुसरी बाजू तितकीच खरी आहे. प्रवेशासाठी पहिल्यांदा मी एका शाळेकडे अर्ज केला तेव्हा इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर हार्पसिकॉर्डचा आवाज लावून ध्वनिमुद्रण पाठवले होते. नकार आला आणि तो योग्य होता. खऱ्या हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की एक लाकडी पट्टीका वर उचलली जाते आणि तिच्यात बसवलेली नखी तारेला छेडते. पूर्वी ही नखी कावळ्याच्या पिसाच्या देठाची असे, आता बहुधा प्लॅस्टिकची असते. तार सुटण्याआधी बोटाला एक बारीक अडथळा लागतो आणि तो ओलांडताना घाई केली की स्वर ठेचल्यासारखा येतो. जोरात दाबून आवाज मोठा होत नाही. त्यामुळे स्वर किती वेळ धरायचा, कधी सोडायचा आणि पुढचा किती उशिरा घ्यायचा, यातूनच सगळे बोलायचे असते. हे कीबोर्डवर कळत नाही, आणि ऐकणाऱ्या परीक्षकांना ते पहिल्या दहा सेकंदांत कळते. पुढच्या उन्हाळ्यात मी युरोपातल्या एका तीन आठवड्यांच्या अभ्यासवर्गाला गेले, रोज सहा तास खऱ्या वाद्यावर बसले आणि परत येण्याआधी तिथेच नवे ध्वनिमुद्रण केले. त्याच्या बळावर प्रवेश मिळाला.

प्रवेशचाचणीत दुसरी अडचण फिगर्ड बासची आली. पानावर फक्त खालच्या स्वरांची ओळ असते, तिच्यावर ६, ७, ४-३ असे आकडे असतात आणि उजव्या हाताची साथ तुम्ही जागच्या जागी रचायची असते. ग्रेडच्या परीक्षांमध्ये कागदावर सोडवलेली हार्मनी इथे पुरत नाही, कारण विचार करायला वेळच नसतो. अठराव्या शतकात नेपल्समधल्या चार कॉन्झर्व्हेटरी मुळात अनाथ मुलांचे आश्रम होते आणि तिथे मुलांना पार्तिमेंतो नावाच्या खालच्या ओळी देऊन वर्षानुवर्षे हातानेच साथ रचायला शिकवत. लिहून ठेवलेले नियम अगदी थोडके असत, बाकी सारे गुरूसमोर बसून. फ्रांचेस्को दुरांते यांचे असे पाठ आज इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. जाण्याआधीचे संपूर्ण वर्ष, रोज एक तास, हेच करावे असा माझा आग्रह आहे. चार मोठ्या रचना घासूनपुसून तयार करण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो.

शाळा निवडताना शहराच्या नावापेक्षा गुरू आधी पाहावा. ज्या शिक्षकाकडे शिकायचे आहे त्याला थेट पत्र लिहावे आणि एक तासिका मागावी. अनेक शिक्षक ती दूरदृश्य पद्धतीनेही देतात. मध्ययुगीन आणि रेनेसाँ संगीत हेच मुख्य ध्येय असेल तर बाझेलचा विचार प्रथम करावा. बरोकसाठी हेग, ॲमस्टरडॅम, ब्रेमेन, लाइपझिग असे कितीतरी पर्याय आहेत. अमेरिकेत ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात थॉमस बिंकली यांनी १९८० मध्ये सुरू केलेली परंपरा आहे, आणि न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्ये २००९ पासून केवळ पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी हा विभाग चालतो. त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव ज्युलियार्ड ४१५ आहे, आणि ते का, हे वर आलेच आहे.

ठाण्याची आई

जवारी, आपण सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझी मुलगी एकवीस वर्षांची आहे, रेकॉर्डर (बासरीसारखे, उभे धरून फुंकायचे वाद्य) वाजवते आणि याच शिक्षणाचा ध्यास घेऊन बसली आहे. मी बँकेत नोकरी करते, यजमान निवृत्त झाले आहेत. तिच्या गुणांविषयी मला शंका नाही, परंतु दोन प्रश्न मला झोपू देत नाहीत. एक, हा खर्च आमच्यासारख्या घराला पेलणारा आहे का? दोन, शिक्षण संपल्यावर ती पोट कशावर भरणार? कृपया गोड उत्तर देऊ नये, खरे द्यावे.

जवारी

ताई, खरेच सांगते.

शुल्काच्या बाबतीत जर्मनी सर्वांत सोयीची आहे. तिथल्या बहुतेक राज्यांतील सरकारी संगीत महाविद्यालयांत परदेशी विद्यार्थ्यांनाही शिक्षणशुल्क नसते, फक्त सत्राची छोटी वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य मात्र २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १५०० युरो घेते, आणि ट्रोसिंगन व फ्रायबुर्ग या चांगल्या शाळा त्याच राज्यात येतात. मुख्य भार राहण्या-खाण्याचा असतो. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच एका रोखलेल्या खात्यात दाखवावी लागते आणि सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. दरमहा त्यातले ९९२ युरोच काढता येतात. नेदरलँड्समध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना शुल्क कितीतरी अधिक पडते आणि माझ्या कुटुंबाने त्यासाठी कर्ज काढले, ते अजून फिटलेले नाही. ज्युलियार्डच्या या विभागात निवड झालेल्यांना पूर्ण शिक्षणशुल्क माफ असते, पण जागा मोजक्या आहेत आणि न्यूयॉर्कमध्ये राहायचे असते. मदतीसाठी मुंबईतील जे. एन. टाटा एन्डाउमेंट पाहावे. १८९२ पासून ही संस्था सर्व विषयांतील विद्यार्थ्यांना परतफेडीची शिष्यवृत्ती देते. जर्मनीच्या डाड या संस्थेची संगीताच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी वेगळी शिष्यवृत्तीही आहे.

कामाचे नियम आधी वाचून ठेवावेत. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते. नेदरलँड्समध्ये मालकाने परवाना काढला तर आठवड्याला १६ तास, किंवा जून ते ऑगस्ट पूर्णवेळ. माझ्या दोन वर्षांत मला सर्वाधिक काम ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत मिळाले, कारण नेदरलँड्समध्ये त्या काळात गावोगावी बाखचे मॅथ्यू पॅशन (येशूच्या यातनांची कथा सांगणारी रचना) गायले जाते आणि साथीला कीबोर्डवाल्यांची गरज लागते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कठीण आहे. या क्षेत्रात पगारी नोकरी जवळजवळ नसते. बहुतेक वादक एका वेळी चार-पाच समूहांत वाजवतात, शिकवण्या करतात, आणि महिन्याचा हिशेब महिन्याला जुळवतात. शिक्षण संपल्यावर काम शोधण्यासाठी जर्मनीत १८ महिने आणि नेदरलँड्समध्ये एक वर्ष राहता येते, आणि तेवढ्यात ओळखी जमल्या तर जम बसतो. मी परत आले ते आईच्या आजारपणामुळे. आज ऑनलाइन शिकवण्या आणि मुंबईतले काही कार्यक्रम यांवर माझे चालते, कर्जाचा हप्ता निघतो, त्यापलीकडे फारसे उरत नाही. मुलीशी हे आकडे समोर ठेवून बोलावे. रेकॉर्डरच्या बाबतीत एक गोष्ट तिच्या बाजूची आहे. चांगली वाद्येही हार्पसिकॉर्डच्या मानाने कितीतरी स्वस्त पडतात, आणि ती पाठीवर टाकून नेता येतात.

पूरिया

मी पुण्यात चौदा वर्षे ख्याल गायकी शिकत आहे आणि स्टाफ नोटेशन गेल्या दोन वर्षांत शिकले. माझी ओढ मध्ययुगीन गायनाकडे आहे. माझ्यासारख्या गायिकेला प्रवेशाची आशा ठेवता येईल का? आणि अर्जात ख्यालाचा उल्लेख करावा की तो झाकून ठेवावा?

ऱ्हाइनकाठ

पूरिया, मी बाझेलमध्ये मध्ययुगीन गायनाचा विद्यार्थी आहे आणि माझे मूळ गाणे शास्त्रीयच आहे, म्हणून उत्तर देतो.

उल्लेख अवश्य करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. माझ्या पहिल्या चाचणीत मी एका लॅटिन स्तोत्राच्या शेवटी मींड आणि मुरकी घेतली. परीक्षकांपैकी एका बाईंनी शांतपणे विचारले, "हे तुम्हाला कुठल्या हस्तलिखितात दिसले?" मला उत्तर देता आले नाही. तिथे पूर्वेकडचा रंग कोणाला नको आहे असे नाही, पण प्रत्येक गोष्टीला आधार विचारला जातो, आणि ही शिस्त अंगी बाणायला मला एक वर्ष लागले.

तुमच्या चौदा वर्षांचा खरा उपयोग वेगळ्या ठिकाणी होईल. स्वित्झर्लंडमधील झांक्ट गालेन इथल्या मठाच्या ग्रंथालयात दहाव्या शतकाच्या सुरुवातीचे, क्रमांक ३५९ चे गायनाचे हस्तलिखित आहे. त्यात शब्दांच्या वर बारीक खुणा आहेत, त्यांना न्यूम म्हणतात. त्या खुणांवरून स्वर नेमका कोणता ते कळत नाही. आवाज कुठे वळला, कुठे रेंगाळला, कुठे हलका झाला, एवढेच कळते. चाल आधीपासून पाठ असणाऱ्यासाठीच त्या लिहिल्या आहेत. वर्गातील बहुतेकांना हे लेखन अपुरे वाटते. मला ते माझ्या गुरुजींच्या बंदिशींच्या वहीसारखे वाटले, ज्यात शब्द असतात, सम कुठे ते असते आणि बाकी सारे गळ्यातून गळ्यात आलेले असते. सुमारे शंभर वर्षांनंतर, अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ग्विदो द'आरेत्सो यांनी ओळींवर स्वर लिहिण्याची पद्धत रूढ केली आणि दहा वर्षांचे शिक्षण एक-दोन वर्षांत होते असे लिहून ठेवले. त्यांचे उत, रे, मी, फा, सोल, ला म्हणजे सरगमच, फक्त सहा स्वरांची. झांक्ट गालेनचे ते हस्तलिखित ई-कोडिसेस या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. त्याचे एक पान रोज समोर ठेवून बसा.

भाषेचे लक्षात ठेवा. बाझेलमध्ये शिकवण्याची मुख्य भाषा जर्मन आहे. लॅटिनचे उच्चार, जुनी फ्रेंच, जुनी इटालियन हेही येते. पुण्यात जर्मन शिकण्याची सोय उत्तम आहे, ती आजच सुरू करावी.

मांडवीकाठ

मी पणजीचा, व्हायोलिन वाजवतो, सध्या ब्रेमेनमध्ये शिकत आहे. जवारी यांनी वाचनाविषयी जे लिहिले त्याला गोव्याच्या बाजूने थोडी पुरवणी जोडतो. आमच्याकडे चर्चच्या शाळांमध्ये मुलांना सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकवण्याची परंपरा पोर्तुगीज काळापासून चालत आली आणि माझ्या आजोबांनी तिथेच, एका मेस्त्रीच्या, म्हणजे संगीतशिक्षकाच्या, छडीखाली, वाचन शिकले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांत गोव्याचे इतके वादक का होते, याचे कारण हेच, की त्यांना समोर ठेवलेले पान पाहताक्षणी वाजवता येत असे. मला वाचन घरातच मिळाले, पण स्वयंभू गंधार ऐकायला मी ब्रेमेनमध्ये शिकलो.

बरोक व्हायोलिनला तातीच्या तारा असतात, मेंढीच्या आतड्यापासून वळलेल्या. हनुवटीचा आधार नसतो, गज बाहेरच्या बाजूला किंचित वाकलेला असतो आणि टोकाकडे हलका होतो. आपल्या हवेत या तारांचे काय होते हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. गेल्या जुलैमध्ये मी सुट्टीला घरी आलो, पेटी उघडली, आणि तासाभरात चारही तारांनी ओलावा ओढून सूर सोडला. सर्वांत बारीक तार तिसऱ्या दिवशी वाजवताना तुटली. आता मी पावसाळ्यात येताना पेटीत ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणि दुप्पट तारा घेऊन येतो, आणि वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या फडक्याने पुसतो. हार्पसिकॉर्ड घरी आणायचा विचार असणाऱ्यांनी कोकणातल्या पावसाळ्याचा विचार आधी करावा. त्याची लाकडी फळी इतकी पातळ असते की हवा बदलली की सूर बदलतो.

आणखी एक विषय गोव्याच्या मुलांसाठी पडून आहे. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाची उभारणी १६०६ मध्ये सुरू झाली आणि तिथल्या भगिनी गात आणि वाजवत असत. पदव्युत्तर अभ्यासक्रमात बहुतेक ठिकाणी एक संशोधन प्रकल्प करावा लागतो. आपल्याच गावच्या भिंतींमध्ये सतराव्या शतकात काय गायले जात होते हा प्रश्न घेऊन कोणी गोवेकर तिथे गेला, तर पोर्तुगीज भाषा येणे हे त्याच्यासाठी मोठे बळ ठरेल.

उत्तररंग

सर्वांचे अनुभव वाचनीय आहेत, परंतु एक मूलभूत शंका आहे. तीनशे वर्षांपूर्वी बाखचे संगीत नेमके कसे वाजत होते हे आज कोणालाच कळू शकत नाही. ध्वनिमुद्रण नव्हते. मग जुने वाद्य, जुनी पट्टी, जुना ग्रंथ हा सारा खटाटोप करून जे वाजते तेही आजचेच नाही का? त्यापेक्षा आधुनिक पियानोवर पदवी घेऊन व्यापक तयारी करणे शहाणपणाचे नाही का?

जवारी

उत्तररंग, ही शंका रास्त आहे आणि ती या क्षेत्रातही घेतली गेली आहे. अमेरिकन अभ्यासक रिचर्ड टारुस्किन यांनी १९८० च्या दशकापासून हेच मांडले की अस्सल जुने म्हणून जे वाजवले जाते त्यात विसाव्या शतकाचीच आवड दिसते. आम्हाला त्यांचे लेखन पहिल्याच सत्रात वाचायला दिले होते. पूर्वी जसे होते तसेच आम्ही वाजवतो, असे तिथला कोणताही चांगला शिक्षक आता म्हणत नाही.

तरीही माझे उत्तर असे आहे. १५३५ मध्ये सिल्व्हेस्त्रो गानासी यांनी व्हेनिसमध्ये रेकॉर्डरवादनाचा एक ग्रंथ छापला. त्यात एका साध्या स्वरजोडीला भरायचे किती तऱ्हांनी, याचे तक्ते पानोपानी आहेत. डिएगो ऑर्तिस यांचा १५५३ चा ग्रंथही तसाच आहे. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला पलट्यांची वही आठवली. ते तक्ते तसेच्या तसे वाजवण्यासाठी नाहीत, ते हातात मुरावेत आणि मग मैफलीत वादकाने स्वतःचे काही भरावे यासाठी आहेत. आधुनिक पियानोच्या शिक्षणात मला कोणी एक स्वरही स्वतःचा घालू दिला नव्हता. हेगमध्ये मी छापील तेवढेच वाजवले की शिक्षिका थांबवत आणि विचारत, "आणि तुमचे कुठे आहे?" जुन्या वाद्याकडे गेल्यावर हा हक्क परत मिळाला, आणि म्हणून मला तो खटाटोप वाटत नाही.

पियानोविषयी एवढेच म्हणेन की तो सोडायची गरज नाही. माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक जण पियानोवरूनच आले होते. पण हार्पसिकॉर्ड पियानोनंतरचा छंद म्हणून करायचा असेल तर पदव्युत्तर प्रवेशासाठी ते पुरत नाही.

पूरिया

ऱ्हाइनकाठ आणि जवारी, दोघांचे आभार. जर्मनच्या वर्गात मी काल नाव घातले. शेवटचा एकच प्रश्न, आणि तो किरकोळ वाटला तर क्षमा असावी. जाताना तानपुरा न्यावा का?

जवारी

किरकोळ नाही, न्यावा. मी पहिल्या वर्षी नेला नव्हता, मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर भागवले आणि त्यात खर्जाचा गंधार हवा तसा उमलत नसे. दुसऱ्या वर्षी मिरजेच्या कारागिरांकडून छोट्या भोपळ्याचा, विमानाने नेता येईल असा तानपुरा करून घेतला. पेटी कडक कवचाची घ्यावी, प्रवासाआधी सर्व तारा सैल कराव्यात, घोडी काढून कापडात गुंडाळून वेगळी ठेवावी, आणि जवारीचे दोरे चार-पाच जादा न्यावेत, कारण ते तिथे मिळत नाहीत. हिवाळ्यात खोली तापवली की हवा फार कोरडी होते, तेव्हा लाकडाला चिरा जाऊ नयेत म्हणून जवळ पाण्याचे भांडे ठेवावे. मी तो काळी चारमध्ये लावत असे, म्हणजे ४१५ च्या ए वर. सकाळी वर्गात कोणी येण्याआधी दहा मिनिटे तानपुरा छेडायचा आणि मग हार्पसिकॉर्ड लावायला घ्यायचा, असा माझा दुसऱ्या वर्षभराचा क्रम होता. शेवटच्या सत्रात एक कोरियन आणि एक पोर्तुगीज वर्गमैत्रीणही त्या दहा मिनिटांसाठी लवकर येऊ लागल्या.